आज सातवी माळ

2006 सालच्या पावसाळ्यात चिकुनगुनिया आला तेव्हा आमच्या गावात सरळ चालणारं माणूस दिसेनासं झालं होतं. त्या एका वर्षात देशभरात 13 लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले. आमच्या गल्लीतले त्यात धरले होते की नाही, कोण जाणे. लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या अंगाला, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं आमचं गाव. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, आता धाराशिव. माझ्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. नवरा पुण्याला कंपनीत होता आणि मी डी.एड. करून शिक्षणसेवकाच्या ऑर्डरची वाट बघत सासरी. ताप आठवडाभरात उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, घरात माणूसबळ कमी. दिवसभर रानात वाकायचं आणि रात्री कुशीवर वळताना विव्हळायचं. झोप आधी तुटक झाली, मग पार उडाली.

हे मी लिहिते आहे ते माझ्या सासूबाईंसाठी. मी त्यांना आत्या म्हणते. शाळा दुसरीपर्यंत. तुळजाभवानीच्या आराधी: गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा, नवरात्रात मेळ्यातल्या बायकांबरोबर रात्र रात्र गाणी. त्यांच्या अंगात येतं. झांजेचा ताल चढला की मान हलायला लागते, केस सुटतात, दोन-चार वाक्यं त्या खड्या आवाजात बोलतात. मग कुणीतरी कपाळाला भंडारा लावतं, त्या तांब्याभर पाणी पितात आणि पदर खोचून भाकरी थापायला बसतात. नवी सून म्हणून आले तेव्हा मला हे सगळं जरा अवघड वाटायचं. माझ्या डी.एड.च्या मैत्रिणींना मी ते सांगितलंही नव्हतं.

त्या वर्षी नवरात्र बसलं आणि तिसऱ्या-चौथ्या माळेपासून जग माझ्याशी बोलायला लागलं. पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटायचा तो मला काहीतरी कळवण्यासाठी. टीव्हीवर बातम्या देणारी बाई वाक्याच्या शेवटी थांबायची ती माझ्या उत्तरासाठी. शेजारचे आजोबा खोकले की मी मोजायची. तीन वेळा खोकले तर होकार, चार वेळा तर नकार. मनाच्या अशा आजारात नुसती भीती असते असं लोकांना वाटतं. मला पहिले दोन दिवस भयंकर आनंद झाला होता. सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध लागत होता आणि तो फक्त मला कळत होता. तासाभरानं हुंदके देऊन रडायची. मग चटणीत काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवून द्यायची. मग पुन्हा हसू. लक्षणांचं असं दर घटकेला रूप पालटणं ही या आजाराची मोठी खूण आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

पाचव्या माळेला मी घटासमोर बसून मोठ्यानं बोलायला लागले. मीच आई, मीच भवानी. गल्लीतल्या बायका धावत आल्या. सूनबाईच्या अंगात आलं म्हणून माझी ओटी भरली, पायांवर पाणी घातलं. एकीनं विचारलं, पोराचं लग्न जमेल का. दुसरीनं विचारलं, बोअरला पाणी लागेल का. मी सगळ्यांना उत्तरं दिली म्हणे. काय दिली ते मला आठवत नाही आणि आत्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणतात, “दसऱ्याचं दसऱ्याला गेलं.” त्या वेळी त्या उंबऱ्याशी बसून होत्या. आराधी सासूच्या घरात सुनेच्या अंगात देवी यावी, मान वाढावा अशीच गोष्ट. पण त्यांनी हात जोडले नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

सहाव्या माळेच्या रात्री मी गल्लीतून ओरडत पळाले: “भुईकंप येतोय, बाहेर निघा!” दुसऱ्या कुठल्या गावात हसले असते, नाहीतर शिव्या दिल्या असत्या. आमच्याकडे सगळी गल्ली लेकरंबाळं घेऊन मिनिटभरात बाहेर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती बुडवून लोक गाढ झोपलेले असताना, या पट्ट्यात सुमारे 8 हजार माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. नंतर 52 गावं जागा बदलून नव्यानं वसवली, त्यातलं आमचं एक. माझ्या सासरच्या घरातली दोन माणसं त्या रात्री गेली. शिवाय 2006 साली 30 सप्टेंबर नेमका नवरात्रातच येत होता. सिमेंटच्या पक्क्या घरांतून लोक बाहेर आले, रस्त्यावर पोती अंथरून उजाडेपर्यंत बसले. मला कुणी रागावलं नाही. ती रात्र मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. एका म्हाताऱ्यानं मला आपलं धोतराचं पान पांघरायला दिलं, एवढं पक्कं आठवतं.

सकाळी आत्यांनी सासऱ्यांना सांगितलं, “ही देवी न्हाई. देवी येती, बोलती अन् जाती. हिची जायचं नावच घेईना. देवी गेली की माणूस पाणी मागतं, दमून निजतं. ही चार रात्री निजली न्हाई. हे दुखणं हाय.”

यावर मी खूप विचार केला आहे. पुढे वाचनात आलं की अंगात येणं आणि मनाचा तीव्र विकार यांतला फरक पुस्तकांतही जवळपास याच अंगानं सांगितलेला असतो: ते विधीच्या वेळी, ठरलेल्या चौकटीत येतं का, समाजाला ओळखीचं वाटतं का, आपसूक उतरतं का, उतरल्यावर माणूस पहिल्यासारखं कामाला लागतं का. आत्यांनी ते अनुभवावरून ओळखलं. घरात देव्हारा आहे म्हणून आजार ओळखायला उशीर होतो, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. आमच्या घरात तो लवकर ओळखला गेला, कारण ओळखणारी बाई आराधी होती. एखाद्या न मानणाऱ्या घरात कदाचित सगळ्यालाच थोतांड म्हणून मला दोन थोबाडीत मारल्या असत्या.

थोतांड करणारे नव्हतेच असं नाही. दुपारी एका नातेवाइकानं शेजारच्या गावचा देवरशी आणला. माझ्यात कुणीतरी बाहेरचं आहे, मिरच्यांची धुरी द्यावी लागेल, हात बांधावे लागतील, असं त्यानं सांगितलं. आत्या दारात चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या. “माझ्या घरात घट बसलाय. धुरी न्हाई अन् दोरी बी न्हाई.” देवरशाला दुसरं कुणी थोपवू शकलं नसतं. गळ्यात कवड्यांची माळ असलेल्या बाईपुढे त्याचं चाललं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं वा साखळीनं बांधणं, मारणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा ठरला तो 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं. त्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. 2006 साली आत्यांच्या हातात असला कुठलाही कायदा नव्हता.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे सांगितलं ते गावातल्या निवृत्त गुरुजींनी. भूकंपानंतर घरांचे आणि अन्नाचे ट्रक आले तसे मनाचे डॉक्टरही या भागात आले होते. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या त्या कामात डॉ. मोहन आगाशे होते. गुरुजींना त्यांचं अप्रूप वेगळंच. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस डॉक्टर म्हणून आपल्या भागात येतो, हे ते अजून रंगवून सांगायचे. आपलं माणूस गेल्यावर वर्षानुवर्षं झोप न येणं हे डॉक्टरला दाखवायचं दुखणं आहे, हे गुरुजी तेव्हा शिकले. शिवाय 2001 साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडात बांधलेली 28 मनोरुग्ण माणसं आगीत जळून गेली, ती बातमी त्यांनी जपून ठेवली होती. ते सासऱ्यांना म्हणाले, “पाटील, गाडी करा. सोलापूर गाठा. मी येतो संगं.”

उमरगा, नळदुर्ग, सोलापूर. नळदुर्गाला तुळजापूरचा फाटा दिसला तशी मी जीपचं दार उघडायला लागले. मला माझ्या देवळात जायचं होतं. आत्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, “पुनवेला जाऊ की. आत्ता गर्दी हाय.” पुढे डॉक्टरांनी घरच्यांना जे बजावलं ते त्यांनी आधीच केलं होतं: तिच्या भ्रमाशी वाद घालू नका, आणि त्याला दुजोराही देऊ नका.

डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. त्यांनी मला काही विचारण्याआधी आत्यांना विचारलं, आणि प्रश्नांची सरबत्ती आजाराबद्दल कमी, शरीराबद्दल जास्त. ताप कधी आला, किती दिवस होता? फिट आली का? डोक्याला मार? कुणी धोत्रा, गांजा दिला का? घरात कधी कुणाला असं झालं होतं? पाळी चुकली आहे का? नुकतं बाळंतपण झालंय का? बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतही असा विकार उसळतो, म्हणून तोही प्रश्न. मान वाकवून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, रक्त-लघवी तपासली, डोक्याचा स्कॅन करून घेतला. चिकुनगुनिया क्वचित मेंदूपर्यंत जातो, ती शंका त्यांना आधी फेडायची होती. मग मला विचारलं, “आज तारीख काय?” मी म्हणाले, “आज सातवी माळ.” ते हसले. माणसाचं भान गेलेलं असतं तेव्हा त्याला दिवस-वार, जागा सांगता येत नाही. तसं असेल तर दुखणं मेंदूच्या सुजेचं, क्षारांचं, विषाचं असू शकतं आणि औषधोपचार सगळाच वेगळा. मी देवी होते, पण सातव्या माळेला सोलापुरात आहे हे त्या देवीला नीट ठाऊक होतं.

इंजेक्शननं मी झोपले. आत्यांच्या बहिणीकडे, दत्त चौकाच्या बाजूला एका जुन्या वाड्यातल्या खोलीत. औषधाचं पहिलं काम तेवढंच असतं हे मला आता कळतं: माणसाला झोप देणं, मेंदूतला डोपामीनचा गोंधळ थोडा खाली आणणं. 1952 साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे या विकारांवरचं पहिलं आधुनिक औषध वापरलं गेलं तोवर असल्या रुग्णाला बहुतेक ठिकाणी बांधून-कोंडूनच ठेवलं जायचं. मला मिळालं ते हॅलोपेरिडॉल, 1958 साली बेल्जियममध्ये तयार झालेलं, स्वस्त, आणि भारतात कुठेही मिळणारं.

त्याचा एक खोडसाळपणा दुसऱ्या रात्री दिसला. माझी मान एका बाजूला वळली ती वळलीच. जीभ जाड झाली, डोळे वर चढले, खाली येईनात. वाड्यातल्या बायकांनी एका सुरात सांगितलं, “आली बघा परत.” इथे कितीतरी घरांत उपचार थांबत असतील. औषधानं बाधा चवताळली असंच ते दिसतं. पण डॉक्टरांनी निघताना चिठ्ठीच्या पाठीमागे मराठीत लिहून दिलं होतं की मान वळली, डोळे वर गेले तर घाबरू नका, हा औषधाचा त्रास आहे, अमुक इंजेक्शन द्या. गुरुजींनी ती चिठ्ठी दोनदा मोठ्यानं वाचली. जवळच्या दवाखान्यात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. गोळ्या बदलल्या, त्यांच्याबरोबर थरथर आणि ताठरपणा टाळणारी एक गोळी जोडली. डॉक्टरांच्या दुसऱ्या कुठल्या हुशारीपेक्षा त्या चार ओळींचं ऋण मला जास्त वाटतं. काय होऊ शकतं हे आधी सांगून ठेवण्यात त्यांची पाच मिनिटं गेली असतील.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजापूरची देवी पलंगावर निजते. महिषासुराशी लढून दमलेली असते. कोजागरीपर्यंत तिची श्रमनिद्रा. वर्षातून अशी तीन वेळा ती झोपते आणि त्या काळात कुणी तिला उठवत नाही. आम्ही गावी परतलो ते नेमके त्या दिवसांत. मी रात्रंदिवस झोपत होते. बघायला येणाऱ्या बायकांना आत्या दारातूनच लावून द्यायच्या. “आई निजल्यात तुळजापुरात, ही निजली हितं. पुनवेनंतर या.” डॉक्टरांचा पूर्ण विश्रांतीचा सल्ला गावाला कळेल अशा भाषेत याहून चांगला कुणी सांगितला असता असं मला वाटत नाही. कोजागरीच्या सुमाराला मला टीव्हीवरची बाई पुन्हा नुसती बातम्या देताना दिसली. मला त्या बाईचा राग आला होता, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. ती माझ्याशी बोलायची बंद झाली याचं वाईट वाटलं होतं.

बरं वाटायला लागल्यावर गोळ्या चालू ठेवणं हे खरं कठीण काम. ते माझ्या मावशीनं केलं. माझं माहेर अणदूरच्या बाजूचं. तिथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या. शेतात राबणारी, कमी शिकलेली बाई गावाचा पहिला दवाखाना होते, असं ते काम. मावशीनं ते जवळून पाहिलेलं. दिवाळीत ती राहायला आली आणि स्टीलच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे पुड्या करून ठेवायला आत्यांना शिकवून गेली. आत्यांना अक्षर लागत नव्हतं, म्हणून पुड्यांना रंगीत दोरे. सोमवारचा पांढरा, मंगळवारचा लाल, शुक्रवारचा हिरवा. बाकीचे मी विसरले. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे महिने-महिने त्या चालल्या, मग हळूहळू कमी करून बंद झाल्या.

नावाचं मात्र डॉक्टरांनी लगेच काही सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले होते, एवढ्या झपाट्यानं आलेलं बहुतेक वेळा झपाट्यानं जातं, पण आज मी शपथ घेणार नाही. महिना बघू, तीन महिने बघू. पुढे नोकरीत स्थिरावल्यावर मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी सविस्तर सांगितलं. दोन आठवड्यांच्या आत भडकणारा, आणि एक ते तीन महिन्यांत मागमूस न ठेवता ओसरणारा हा मनोविकार जागतिक आरोग्य संघटनेच्या 1992 च्या वर्गीकरणात वेगळा नोंदला आहे. अमेरिकन वर्गीकरण त्याला महिन्याभराचीच मुदत देतं. लक्षणं सहा महिन्यांपलीकडे रेंगाळली तर स्किझोफ्रेनियाचा विचार करावा लागतो. आणि गंमत म्हणजे या विषयातलं बरंचसं ज्ञान आपल्या देशातून गेलेलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं बिकानेर, पतियाळा, वेल्लोर आणि गोवा इथे 300 हून अधिक रुग्णांचा अभ्यास केला. वर्षभरानं त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश पूर्ण बरे होते. आपल्यासारख्या देशांत हा विकार श्रीमंत देशांच्या सुमारे दहापट आढळतो आणि बायकांत पुरुषांच्या दुप्पट, असं एका पाहणीत निघालं. चंडीगडच्या भागातल्या रुग्णांत तर आजाराच्या आधी ताप येऊन गेल्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त दिसलं.

ताप! मी वही मिटून हसायला लागले. कारण आत्यांनी गावाला नेमकं हेच सांगितलं होतं. “चिकुनगुन्या डोस्क्यात गेला हुता. आता उतरला.” कुणी विचारलं की तेवढंच, ना कमी ना जास्त. चिकुनगुनिया घरोघर झालेला, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं, आणि उतरलेल्या तापाबद्दल माणसाला कुणी पुन्हा विचारत नाही. डॉक्टर म्हणाले, “त्यांचं अगदीच खोटं नाही. पण तापानंच झालं असंही मी म्हणणार नाही.” जागरण, लग्नानंतरचं परकेपण, रानातलं काम, त्यात ताप; कशानं कोणती कडी तुटली, ते सांगता येत नाही. काहींना हा विकार पुन्हा होतो, काहींचं निदान पुढे बदलतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

नात्यातल्या एकानं तेव्हाच नवऱ्याच्या कानावर घातलं होतं की वेळीच माहेरी पाठव, कायद्यात सोय आहे. हिंदू विवाह कायद्यात मनोविकाराचं कलम आहे खरं, पण ते दीर्घ वा वारंवार उफाळणाऱ्या, एकत्र राहणंच अशक्य करणाऱ्या विकाराबद्दल आहे. गुरुजींनी त्या नातेवाइकाला ते वाचून दाखवलं. आत्यांनी वाचून दाखवायची वाट बघितली नाही. पुण्याहून आलेल्या लेकाला जेवायला वाढताना म्हणाल्या, “तुला लहानपणी गोवर आला तवा मी तुला कुठं पाठवलं हुतं का?” नवरा माझा गरीब माणूस, त्याच्या मनात तसं काही नव्हतंच असं तो म्हणतो आणि मी ते मानते. जानेवारीत माझी ऑर्डर आली.

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मध्यंतरी आमच्या एका पालकाची बायको चार दिवस झोपली नाही, भिंतीशी बोलायला लागली, तेव्हा त्याच्या मोबाइलवर मी 14416 लावून दिला. टेलिमानसचा हा फुकटचा नंबर 2022 पासून चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. आता धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सोलापूरची वाट धरण्याआधी तिथे विचारता येतं. त्या पालकालाही मी पहिल्यांदा हेच विचारलं: ताप आला होता का, आणि हे कधीपासून?

आत्या आता सत्तरीपुढे आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांना चालवत नाही, म्हणून परडी मी उचलली. विश्वासाचं मला विचारू नका. आत्यांनीही विचारलं नाही. मंगळवारी शाळा सुटल्यावर पाच घरी जाते, जोगवा आणते, त्या तो सुपात पाखडतात आणि कुणाची ज्वारी किडकी आहे ते बोलून दाखवतात. नवरात्रात मेळा आमच्याच अंगणात बसतो. झांजा सुरू झाल्या की मीही मागे बसून म्हणते. दहा वाजले की आत्यांची मान माझ्याकडे वळते. गाणं कितीही रंगात आलेलं असो, त्या हातानंच खूण करतात: ऊठ, आत जा, नीज. पहिल्या वर्षी नव्या आराध्यांपैकी एकीनं विचारलं, सूनबाई का उठली? आत्यांनी झांज न थांबवता सांगितलं, “तिला सकाळी शाळा हाय.” दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणे, पण कुणी काही बोललं नाही.